आर्ट हिस्टरी शिकता शिकता मॅनेजमेंटचं कामही शिकावं का?

कुंचलेवाली: आर्ट हिस्टरीत एमए करतेय, दुसरं वर्ष. पुढे म्युझियममध्ये प्रदर्शनांच्या मॅनेजमेंटला जायचंय, शिकवायचं अजिबात नाहीये. सीनियर म्हणतात इतिहास पुरे झाला आता डिप्लोमा कर, सर म्हणतात इंटर्नशिपच्या नादात डेझर्टेशनची वाट लागेल. इतिहासाचा तिथे खरंच उपयोग होतो की नुसतं सीव्हीत बरं दिसतं?

गोदामकर: होतो, पण तुला वाटतो तिथे नाही. मी रजिस्ट्रार आहे, म्हणजे कुठली वस्तू कुठून आली, कोणाला उसनी दिलीय, विमा केवढ्याचा, ही सगळी कागदपत्रं माझ्याकडे. नवीन वस्तू घ्यायची तर आधी तिची मालकी कोणाकोणाकडे होती ते खणून काढायचं, ज्याला प्रॉव्हेनन्स म्हणतात, आणि हे सरळसरळ इतिहासाचंच काम आहे. अमेरिकेतल्या गेटी म्युझियमने 1985 मध्ये एक कुरोस, म्हणजे उभ्या तरुणाचा ग्रीक पुतळा घेतला, सोबत जुनी पत्रं होती, नंतर लक्षात आलं की 1952 ची तारीख टाकलेल्या पत्रातला पोस्टल कोड 1972 च्या आधी नव्हताच! असलं सापडायला कागद वाचायची खोड लागते, ती डिप्लोमात लागेलच असं नाही.

तिसरी_घंटा: मान्य, पण दुसरी बाजू पण ऐक. आमच्याकडे येणारे इंटर्न निबंध झकास लिहितात, कंडिशन रिपोर्ट, म्हणजे वस्तू कुठल्या अवस्थेत आहे त्याची नोंद, लिही म्हटलं की 'उदास निळी छटा' वगैरे सुरू. अरे बाबा, तडा डाव्या कडेपासून किती सेंटीमीटरवर आहे ते लिही! जलरंगाला साधारण 50 लक्सच्या (उजेड मोजायचं एकक) वर उजेड देत नाहीत, तैलचित्राला 200 पर्यंत चालतो, म्हणजे कुठलं चित्र कुठल्या भिंतीवर आणि किती महिने हे त्यावर ठरतं. बजेटची एक्सेल शीट तर कोणालाच येत नाही, ती आजच शिकायला घे.

जुनाखोड: हा वाद आजचा नाही. पॉल सॅक्स घरच्या बँकेतली पार्टनरशिप सोडून हार्वर्डला गेले आणि 1920 च्या दशकात तिथे म्युझियम कोर्स सुरू केला, वस्तू हातात घेऊन पारखायची आणि म्युझियम चालवायचं कसं तेही शिकायचं, दोन्ही एकाच वर्गात. त्यांचाच विद्यार्थी आल्फ्रेड बार 1929 मध्ये मोमाचा, म्हणजे न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या म्युझियमचा, पहिला डायरेक्टर झाला, वय फक्त 27.

कुंचलेवाली: भारी! पण वेळेचं काय, दिवस 24 तासांचाच आहे ना 😅

गोदामकर: डेझर्टेशनचा विषयच तिथला घे. जिथे इंटर्नशिप मिळेल तिथल्या एकाच वस्तूचा प्रॉव्हेनन्स शोध, सर पण खूश. फक्त काम काय देणार ते आधी लेखी घे, नाहीतर सहा महिने उद्घाटनाच्या खुर्च्या मांडत बसशील, मी बसलोय.