मदत हवी आहे: नागपूरचा मे महिना, दोन लहान मुलं आणि लांबलचक दुपार

नमस्कार मंडळी,

आम्ही नागपूरला राहतो, तिसऱ्या म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर. मुलगी सहा वर्षांची, मुलगा अडीच. आम्ही दोघंही नोकरीवर. साडेनऊला घर सोडतो ते संध्याकाळी सहा-साडेसहालाच परत. घरी सासूबाई असतात. वय ६८, गुडघे दुखतात, पण नातवंडांचं सगळं हौसेनं करतात. बाकी महाराष्ट्रात जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, आपल्या विदर्भात उन्हामुळे त्याहून उशिरा. अजून महिनाभर तरी काढायचा आहे आणि नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, पुढेच आहे.

प्रश्न दुपारचा आहे. अकरा वाजले की स्लॅब तापायला लागतो. पारा ४४-४५ वर, बाहेर काढायची सोय नाही. घराजवळच्या उन्हाळी शिबिराची चौकशी केली. पंधरा दिवसांचे साडेचार हजार, तेही फक्त मुलीचे, आणि वेळ दुपारी बारा ते दोन. एवढ्या उन्हात तिला नेणार-आणणार कोण? धाकट्याला तर कोणी घेतही नाही.

मागच्या मंगळवारी जे घडलं त्यानं मी जास्त घाबरले आहे. बाहेरच्या खोलीत कूलर चालू होता. त्याची एका बाजूची जाळी सैल झालेली. धाकट्यानं ती ओढून काढली आणि आपली प्लास्टिकची होडी सोडायला आतल्या पाण्यात हात घातला. पंप चालू होता. सासूबाई भाजी निवडत होत्या. त्या ओरडत उठल्या, आधी बटण बंद केलं आणि मग त्याला उचललं. काही झालं नाही. पण मला ऑफिसात फोन आला तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. मी घरी आले तर कोपरापर्यंत ओला हात घेऊन हा मजेत बसलेला, होडी अजून कूलरमध्येच.

तेव्हापासून सासूबाई धाकट्याला जवळून हलू देत नाहीत आणि मोठीच्या हातात मोबाईल देतात. त्यांना मी दोष देत नाही. एकट्या माणसानं दोन पोरांना आठ-नऊ तास किती सांभाळायचं?

म्हणून विचारते. बसल्या जागेवरून आजीला खेळवता येईल, पैसे लागणार नाहीत आणि धाकट्याच्या तोंडा-नाकात काही जाणार नाही, असं तुमच्या घरी काय चालतं? पाण्यात खेळू द्यावं का? आणि सकाळी सहा ते आठ मी मोकळी असते, तेवढ्यात कुठे नेऊ? आमच्या जवळच्या बागेतली पत्र्याची घसरगुंडी संध्याकाळी सहालासुद्धा चटका देते. मी आधी हाताची मागची बाजू टेकवून बघते, मगच बसवते.

प्रतिसाद १

ताई, खेळाचं नंतर, आधी कूलर. मी वायरिंगची कामं करतो, दर उन्हाळ्यात असे प्रसंग ऐकतो. पत्र्याचा कूलर असेल तर अर्थिंग आजच तपासून घ्या. प्लग तीन पिनांचाच हवा, दोन पिनांचा जुगाड चालणार नाही. पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढून ठेवायचा. कूलरभोवती फरशी ओली राहू देऊ नका, पोरं अनवाणीच असतात. सैल जाळी तारेनं आवळून घ्या आणि पंपाची वायर कुठे सोललेली आहे का ते बघा. घराच्या बोर्डात ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी बसवून घ्या. करंट गळला की ते क्षणात लाईन तोडतं. खर्च होईल, पण शिबिराच्या पैशात होऊन जाईल.

आणि सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. आधी बटण, मग पोरगं, हे त्यांनी अगदी बरोबर केलं. चिकटलेल्याला लोक आधी हात लावतात आणि दोघंही अडकतात.

प्रतिसाद २

पोरी, मी पण आजीच आहे, अमरावतीची. माझ्याकडे तीन नातवंडं आहेत सध्या.

मोठीला अष्टाचंग शिकवायला सांग सासूबाईंना, त्यांना येतच असेल. खडूनं फरशीवर पट आखायचा. दोन चिंचोके मधोमध फोडले की चार फाका होतात, एक बाजू पांढरी, एक काळी. चारही पांढऱ्या पडल्या तर चंग म्हणजे चार, चारही काळ्या पडल्या तर अष्ट म्हणजे आठ. सहा वर्षांच्या पोरीची बेरीज आपोआप पक्की होते. पण हा खेळ धाकटा झोपल्यावरच. आणि फाका डबीत ठेवताना मोजायच्या. आमच्याकडे एक नाकात गेली होती, रात्री दहाला डॉक्टरकडे धावलो.

धाकट्यासाठी परातभर कोरडी कणीक, एक वाटी, एक चमचा. माझा नातू अर्धा तास नुसता भरतो आणि ओततो. खाली जुनं लुगडं अंथरायचं, झाडायचं काम वाचतं.

कुरडया अजून केल्या नसतील तर यंदा पोरांना घेऊन करा. गहू तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलायचं असतं, ते काम मोठीला द्या. रोज वास घेऊन सांगते माझी नात, आज किती आंबलं ते. चीक शिजवताना मात्र दोघांनाही स्वयंपाकघराबाहेर ठेवा, तो उडतो आणि चिकटून भाजतो. मग वाटीत निववून, दूध-साखर घालून द्यायचा. गच्चीवर कुरडया घालायचं काम सकाळी सातच्या आत संपवायचं. सोऱ्या दाबायला पोरांना फार आवडतं.

कैरीचं पन्हं गुळाचं करा, चवीला मीठ घालून. पोरं खेळाच्या नादात पाणी मागत नाहीत, आपण दर अर्ध्या-पाऊण तासानं पाजायचं. सहा तास लघवीला गेलं नाही किंवा मलूल पडलं तर घरगुती उपायात वेळ घालवू नका, डॉक्टरला दाखवा. अंग तापलंय आणि पोरगं बरळतंय असं दिसलं तर ओल्या फडक्यानं पुसत, पंख्याखाली ठेवून १०८ ला फोन करायचा.

प्रतिसाद ३

पाण्यात खेळू द्या, पण तुम्ही घरी असाल तेव्हाच, संध्याकाळी. अडीच वर्षांचं मूल वीतभर पाण्यातही तोंडघशी पडलं तर उठू शकत नाही. टबाजवळून हात पोचेल एवढ्या अंतरावर बसायचं आणि खेळ संपला की टब लगेच उपडा. उन्हाळ्यात आपण बादल्या भरून ठेवतो, त्यांच्यावर झाकण हवं आणि न्हाणीघराला बाहेरून कडी.

सकाळी सहाला आम्ही सेमिनरी हिल्सला नाहीतर अंबाझरीला जातो. साडेसातला परत फिरायचं म्हणजे फिरायचं. सुट्टीच्या दिवशी मेट्रो. लोकमान्य नगरला बसायचं, सीताबर्डीला गाडी बदलायची, खापरीपर्यंत जायचं आणि तसंच परत. माझा मुलगा चार वर्षांचा आहे, त्याला उतरायचंच नसतं. गारवा मिळतो आणि दोघांचा दीड तास जातो. मोठीला गांधीसागरजवळचं रमण विज्ञान केंद्र आवडेल, हात लावून बघायची उपकरणं भरपूर आहेत. अजब बंगलाही दाखवा, १८६३ चं संग्रहालय आहे, फक्त सोमवारी जाऊ नका.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल वायरमन बोलावला. अर्थिंगची तार बोर्डातच तुटलेली निघाली. म्हणजे इतके दिवस आम्ही तसेच राहत होतो. आता जोडली आहे, जाळीही आवळली, आरसीसीबी शनिवारी बसेल.

अमरावतीच्या आजी, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, आमच्याकडे कवड्या होत्या, त्या कुठे गेल्या बघते. कपाटाच्या वरच्या कप्प्यात सापडल्या, पाच. आज दुपारी फोन केला तर मोठी म्हणाली, आई मी खेळतेय, नंतर बोल. धाकट्याला कणीक दिली होती, त्यानं ती केसांत घालून घेतली, पण पाऊण तास तो एका जागी बसला. गहू उद्या भिजवतो आहोत.

अजून एक विचारायचं राहिलं. मोतीबागेतल्या नॅरो गेज रेल्वे संग्रहालयात इतक्यात कोणी लहान मुलांना नेलं आहे का? तिथली छोटी गाडी सध्या चालू आहे का, आणि अडीच वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन बसू देतात का, ते कळलं तर रविवारी संध्याकाळी जाऊ.