स्वतःची स्टाईल शोधायची कशी? फोटो सेव्ह केलेत ढीगभर, अंगावर मात्र काहीच जमत नाही

सकाळची_लोकल

नमस्कार मंडळी. फोनमध्ये चारेकशे फोटो साठलेत. त्यात लिननचे सूट आहेत, इरकल आहेत, जुन्या चित्रांतल्या नऊवारी आहेत, अगदी मरीन ड्राइव्हच्या इमारतींचे रंगही आहेत. पण त्यातलं काही प्रत्यक्ष घालून पाहिलं की उसनं आणल्यासारखं दिसतं. रोजचा प्रवास मुलुंड ते घाटकोपर लोकल आणि पुढे अंधेरीपर्यंत मेट्रो. ऑफिसात जीन्स चालते. बजेट पाच हजारांच्या आत, शिवून घ्यायची तयारी आहे.

आवडलेल्या गोष्टीतून आपल्याला चालेल असं नेमकं काय उचलायचं? चित्रं, इमारती, रस्ता यांतून कपड्यांपर्यंत पोचायचं कसं? आणि सुरुवात कुठल्या एका कपड्याने करावी?

रंगपेटी

चारशे फोटो म्हणजे नुसता साठा झाला, त्यातून निवड अजून व्हायची आहे. एका बैठकीत सगळे पाहा, प्रत्येकाला पाचच सेकंद द्या आणि तीस ठेवा. मग प्रत्येक फोटोखाली एकच ओळ लिहा: नजर कशावर थांबली? उत्तर चारांपैकी एक हवं. घाट, रंग, पोत किंवा प्रमाण. घाट म्हणजे कपड्याची बाह्यरेषा, प्रमाण म्हणजे लांब-आखूड आणि सैल-घट्ट यांचा मेळ. ‘छान वाटलं’ असं लिहिलंत तर तो फोटो बाद.

मॉडेलचा चेहरा, उंची, मागचा समुद्र किंवा ऊन आवडलं असेल तर तेही बाद. किनाऱ्यावरचा पांढरा शर्ट आवडतो तेव्हा पुष्कळदा ऊनच आवडलेलं असतं, आणि तो शर्ट ट्यूबलाइटखाली मलूल दिसतो. उसनं वाटण्याचं मोठं कारण हेच.

आता मोजा. तिसांत सहा-सात वेळा आलेली गोष्ट तुमची. मग कपाटातले सर्वांत जास्त घातले जाणारे पाच कपडे बाहेर काढा आणि त्यांच्यासाठीही तशीच ओळ लिहा. दोन्ही याद्यांत जे आलं, तिथून सुरुवात करा. फोटोंत सगळीकडे लांब सैल कोट आणि कपाटात सगळे आखूड कुर्ते असतील, तर सध्या कोट नको. त्यातला फक्त रंग किंवा पोत घ्या.

चित्रांबद्दल. संग्रहालयात सगळी दालनं फिरून डोळे थकतात. एक दालन, एक तास, तीन वस्तू, एवढंच ठरवून जा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लघुचित्रं पाहताना जामा (घेरदार अंगरखा) आणि पटका (कमरेला बांधायचा शेला) यांच्याकडे नीट बघा. पुष्कळ चित्रांत जामा साधा किंवा बारीक बुट्टीचा असतो आणि दाट नक्षी येते ती कमरेच्या पटक्यावर, म्हणजे हातभर जागेत. नक्षी किती आहे यापेक्षा ती कुठे ठेवलीय हे शिकण्यासारखं आहे. तीच कल्पना तुमच्याकडे साधा कुर्ता आणि नक्षीदार ओढणी किंवा नुसता पट्टा म्हणून येऊ शकते.

भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात वेगवेगळ्या समाजांचे पोशाख दाखवणाऱ्या मातीच्या छोट्या मूर्ती आहेत. तिथे पगड्या आणि नेसण पाहा: कापड कुठे गच्च बांधलंय, कुठे मोकळं सोडलंय. हे पाहून झालं की चित्रकार एम. व्ही. धुरंधरांची (१८६७–१९४४) चित्रं पाहा, मुंबईच्या बायकांची नेसण त्यांनी बारकाईने टिपलीय. जहांगीर आर्ट गॅलरीत तिकीट नाही, त्यामुळे दुपारच्या अर्ध्या तासातही सराव होतो.

रंग नोंदवायला फोनवर विसंबू नका. काचेमागची वस्तू आणि पिवळा दिवा असला की फोन रंग बदलतो. साध्या रंगीत पेन्सिली न्या आणि जागेवरच वहीत रंगाचा ठिपका उमटवा, शेजारी किती भाग तेही लिहा.

उभाआडवा

रंगपेटी ताईंशी बराचसा सहमत. एक भर आणि एक मतभेद.

भर प्रमाणाबद्दल. रंग कुठल्या प्रमाणात घालायचे यासाठी परदेशी चार्ट कशाला, साडीच समोर घ्या. अंग, काठ, पदर. एखाद्या इरकलचा पन्ना, म्हणजे कापडाची रुंदी, ४६ इंच आणि काठ ४ इंची धरला तर दोन्ही काठ मिळून ८ इंच, म्हणजे रुंदीचा साधारण सहावा भाग. बाकी सगळं अंग, शांत. आणि पदर एकाच टोकाला: टोपेतेनीचा, म्हणजे लाल रंगावर पांढरी नक्षी. हे कोष्टक कुठल्याही कपड्याला लागू पडतं. पँट आणि शर्ट मिळून अंग, एकाच कुळातल्या रंगाचे. चपला, पट्टा, बॅग म्हणजे काठ, ते सहाव्या भागाच्या पुढे जाऊ देऊ नका. पदर एकच, चेहऱ्याजवळ: कानातलं, रुमाल किंवा जॅकेट. पोशाख बिघडतो तो दोन पदर झाल्यामुळे. झगझगीत जॅकेटवर मोठं कानातलं आणि लाल लिपस्टिक असलं की नजर कुठेच ठरत नाही.

रस्त्यावरचं पाहायचं तर सकाळी दादरचा फुलबाजार गाठा. अबोलीचा गजरा जवळून पाहा: केशरी-गुलाबी पाकळी, मध्ये हिरवा मरवा. हिरवा भाग कमी असतो, पण त्याच्यामुळे अबोली उठून दिसते. मरवा काढला तर तीच अबोली फिकी वाटेल. आपल्या कपड्यांत हा ‘मरवा’ बहुधा नसतो. गुलाबी कुर्त्यावर सगळंच गुलाबी घेतलं जातं.

इमारतींबद्दल: मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या आर्ट डेको शैलीतल्या इमारती २०१८ साली युनेस्कोच्या यादीत गेल्या, पण तो घाट माटुंगा आणि शिवाजी पार्कलाही भरपूर आहे. तिथे रंग पाहू नका, रंग दर डागडुजीला बदलतो. रेषा पाहा. गोलाई घेतलेला बाल्कनीचा कोपरा, खिडकीवरचा छज्जा, एकाखाली एक तीन आडव्या पट्ट्या. शर्टावर त्याचं रूप म्हणजे गोल टोकाची कॉलर, बाहीच्या कडेला तीन बारीक चुण्या, खिशाला ३ मिलिमीटरची पायपिंग. तिन्ही एकदम नको, एकच घ्या.

मतभेद असा: एक फोटो निवडून त्याची एकदा पूर्ण नक्कल करावी. नवीन काही न घेता, घरातल्या कपड्यांतून. आरशासमोर पूर्ण उंचीचा फोटो काढून मूळ फोटोशेजारी ठेवा. कुठे बिनसतं ते लगेच दिसतं. बहुतेक वेळा रंग ठीक असतो, लांबी चुकते. टॉप कंबरेच्या सर्वांत रुंद भागावर संपत असेल तर दोन-अडीच इंच वर किंवा खाली न्यावा लागतो.

कैचीवाले_काका

वरचं सगळं बरोबर, पण कपडा बिघडतो तो कापडात आणि मापात. सुरुवातीला बिनबाह्यांचं खणाचं जॅकेट शिवा. ते साध्या कुर्त्यावर, शर्टवर, जीन्सवरही चालतं.

खणाचा पन्ना अरुंद असतो, साधारण ३० इंच. २४ इंच लांबीच्या जॅकेटला पुढची एक आणि पाठीची एक लांबी, म्हणजे ४८ इंच, शिवण आणि दुमड मिळून ५२. आक्रसण्याची सूट धरून दीड मीटर घ्या. छाती ४० पर्यंत पुरतं.

आता काठाची गंमत. खणाला दोन्ही किनारींना काठ असतो. पुढच्या भागाची लांबी मधोमध उभी कापा आणि दोन्ही तुकड्यांची अदलाबदल करा, म्हणजे दोन्ही काठ समोरच्या उघड्या कडेला येतात. पट्टी वेगळी लावावी लागत नाही. टेलरला हे कागदावर काढून दाखवा, नुसतं सांगितलं तर काठ बगलेत जातो आणि मग इलाज नाही.

आतून सुती अस्तर हवंच. नक्षीचे धागे उलट्या बाजूला सुटे असतात, ते नखात, घड्याळात अडकतात. अस्तर आधी भिजवून वाळवून घ्या. नवं सुती कापड ३ ते ५ टक्के आक्रसतं. न भिजवता लावलं तर पहिल्या धुण्यात ते आत ओढलं जातं आणि जॅकेटच्या खालच्या कडेला चुण्या पडतात. कापलेल्या कडा लगेच इंटरलॉक करा, खण फार सुटतो.

मंगळदास मार्केटमध्ये किंवा हिंदमाताला कापड घेताना दिव्याखाली रंग ठरवू नका. दुकानदाराला सांगून थान दारापर्यंत, उजेडात आणा. आत जुळलेले दोन रंग बाहेर वेगळे निघतात, कारण प्रत्येक रंगद्रव्य वेगवेगळ्या उजेडाला वेगळं वागतं. ज्या कपड्यावर घालायचंय तोही सोबत न्या.

माप अंगावरून देण्याऐवजी नीट बसणारा एक कपडा नमुना म्हणून द्या. कच्च्या शिलाईवर एकदा घालून पाहा आणि हात वर करा, लोकलमध्ये हँडल धरल्यासारखे. जॅकेट सगळं वर उचललं जात असेल तर मुंढा (बगलेची गोलाई) फार खाली उतरलाय. तो कापायच्या आधीच सुधारता येतो. बगलेच्या शिवणीत एक इंच कापड राखायला सांगा.

सकाळची_लोकल

खूप आभार. तीस फोटोंचं काम केलं: अकरा वेळा ‘पोत’, नऊ वेळा गडद लाल किंवा वांगी रंग, घाट फक्त दोनदा. म्हणजे खणाचं जॅकेट जमेलसं दिसतंय. काका, वांगी खण आणि मोहरी काठ घेतला तर आत काय घालू? आणि पावसाळ्यात?

उभाआडवा

आत कच्चा पांढरा किंवा फिकट राखाडी, बिननक्षीचा. शुभ्र पांढरा टाळा. मोहरी पुन्हा दुसरीकडे आणू नका, पदर झाला तो. चपला तपकिरी. मलमल घेतलीत तर आरपार दिसते, म्हणून कापड हातावर पसरून बोटं दिसतात का ते पाहा.

कैचीवाले_काका

वांगी आणि लाल रंग सुटतो, म्हणून शिवायच्या आधी तपासा. खणाचा दोन इंची तुकडा ओला करून पांढऱ्या रुमालात अर्धा तास गुंडाळून ठेवा. रुमालाला डाग आला तर अस्तर पांढरं घेऊ नका आणि कपडा कायम वेगळा धुवा. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होत नाही, त्यावर वेळ घालवू नका.

जून ते सप्टेंबर हे जॅकेट प्रवासात घालू नका. सुती पिशवीत घडी करून न्या, ऑफिसात चढवा. पाठीवरच्या बॅगेचा पट्टा खांद्यावर घासून नक्षीचे धागे उसवतो, पावसात तर जास्तच. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवलंत तर आठवड्याभरात बुरशीचा वास धरेल. घरी आल्यावर लगेच कपाटात कोंबू नका, पंख्याखाली तासभर उलटं करून टांगा.