उंटाच्या तोंडातून लाल फुगा येतोय, आजार आहे का?

प्रश्न (पुसेगाव, ता. खटाव)
सेवागिरी महाराजांच्या यात्रेला आलेला एक राजस्थानी उंटवाला आमच्या रानात उतरलाय. काल त्याचा नर मान ताणून गुडगुडायला लागला आणि तोंडाच्या कडेनं लालसर फुगा बाहेर आला, चांगला वीतभर. तोंडाला नुसता फेस. मानेमागं काळं काहीतरी पाझरतंय, वास सहन होत नाही. चार दिवस चाऱ्याला तोंड नाही. मालक "मस्ती है" एवढंच म्हणतो. आई म्हणते जीभ सुजलीय, लाळ्या-खुरकूत असंल, आपल्या म्हशींना लागंल.

उत्तर (म्हसवड)
आमची मेंढरं आहेत. मेंढ्याचं असलं कधी बघितलं नाही. डॉक्टरला दाखवा.

उत्तर (विटा, निवृत्त पशुवैद्य)
आईंना सांगा, ती जीभ नव्हे. टाळूच्या मऊ भागाची घडी आहे, तिला दुल्ला म्हणतात. नर तिच्यात हवा भरून बाहेर काढतो आणि परत गिळतो. लाळ्यात जिभेवर फोड येतात, जनावर लंगडतं. इथं तसं काही दिसत नाही, म्हशींची काळजी सोडा.

उंट हिवाळ्यात मस्तीला, म्हणजे माजावर येतो. आपला खिलार वळू बारा महिने तयार असतो, उंटाचं तसं नाही. त्याचे वृषण बैलासारखे लोंबत नाहीत, कुत्र्यासारखे मागं, गुदद्वाराखाली चिकटलेले असतात. दिवस लहान झाले की ते भरतात, जड होतात, टेस्टोस्टेरॉन हे नराचं संप्रेरक चढतं. उन्हाळ्यात परत आक्रसतात. मानेमागचं काळं पाणी तिथल्या ग्रंथींचं, तेही याच दिवसांत. शिश्नाचं तोंड एरवी मागं वळलेलं, म्हणून लघवी मागं पडते. मस्तीत तो तीच शेपटीवर घेऊन पाठीवर झटकतो. वास त्याचाही. खाणं तुटतं, अंग उतरतं, हंगाम सरला की भरून येतं. उंटीण तेरा महिने गाभण राहते, म्हणजे आत्ता लागली तर वेतही थंडीतच.

एकच हात जोडून सांगतो, पोरांना जवळ जाऊ देऊ नका. मस्तीतला उंट मालकालाही चावतो, आणि त्या चाव्यानं हाड मोडतं. फुग्याला हात लावू नका, तेल-हळद काही नको. तो दातात सापडून फाटला किंवा आत जाईनासा झाला, तरच डॉक्टरला बोलवा.

प्रश्नकर्ता
आभारी आहे, डॉक्टरसाहेब. आत्ताच बघून आलो, फुगा आत-बाहेर होतोय. पोरांना बांधावरूनच बघायला सांगितलंय. उंटवाल्याला आईनं भाकरी नेऊन दिली.