शब्दचर्चा : अँथॉलॉजी, ब्लॅक कॉमेडी, ट्विस्ट – मराठीत काय लिहावं?

(अनुस्वार, तळटीप, नेपथ्य आणि चौकट ही चर्चेत भाग घेणाऱ्यांची टोपणनावं.)

अनुस्वार

बीबीसीच्या ‘इनसाइड नंबर नाइन’ या टीव्ही कार्यक्रमावर मराठीत काही लिहायला घेतलं की तीन शब्दांपाशी गाडी अडते : अँथॉलॉजी, ब्लॅक कॉमेडी आणि ट्विस्ट. रीस शिअरस्मिथ आणि स्टीव्ह पेंबर्टन या जोडीने २०१४ ते २०२४ मध्ये नऊ पर्वांत मिळून ५५ भाग केले. प्रत्येक भाग साधारण अर्ध्या तासाचा. गोष्ट, पात्रं, जागा दर वेळी नवी. नऊ हा आकडा तेवढा कुठल्या ना कुठल्या रूपात कायम. पण ‘मालिका’ म्हटलं की वाचकाला रोज थोडी थोडी पुढे सरकणारी एकच गोष्ट आठवते आणि तो लगेच विचारतो, “पहिल्यापासून बघावी लागेल का?” हा गैरसमज टाळणारे शब्द सुचवा.

तळटीप

अँथॉलॉजीचा मूळ ग्रीक अर्थ फुलं वेचणं. त्यावरून ‘वेचे’ हा शब्द सुचतो, आणि तो सुंदर आहे, पण इथे बसत नाही. वेचा आधीच असलेल्या मजकुरातून निवडून काढलेला असतो. इथे प्रत्येक भाग मुळातच सुटा लिहिलेला आहे. ‘संकलन’ही याच कारणाने बाद.

शिवाय अँथॉलॉजी या एका नावाखाली दोन वेगळे प्रकार येतात. एकात भागागणिक गोष्ट बदलते : १९५९ मध्ये सुरू झालेली ‘द ट्वायलाइट झोन’, नंतरची ‘ब्लॅक मिरर’, आणि ही. दुसऱ्यात पर्वागणिक बदलते : ‘अमेरिकन हॉरर स्टोरी’, ‘फार्गो’. दुसऱ्या प्रकारात पर्वाच्या मधूनच सुरुवात केली तर काहीच कळत नाही, पहिल्या प्रकारात कुठूनही करता येते. म्हणून मी नुसतं ‘अँथॉलॉजी’ न लिहिता ‘सुट्या कथांची मालिका’ आणि ‘पर्वागणिक नवी कथा’ असं स्पष्ट लिहीन. शब्द जास्त जातात, पण वाचकाचा प्रश्न तिथेच मिटतो.

नेपथ्य

यासाठी मराठीत तयार शब्द आहे : एकांकिका. अर्धा तास, बहुधा एकच जागा, मोजकी पात्रं, उशिरा सुरू होऊन लवकर संपणारा प्रसंग. एकांकिकेची सगळी लक्षणं जुळतात.

पहिलाच भाग ‘सार्डिन्स’ बघा. साखरपुड्याच्या निमित्ताने जमलेली माणसं लपाछपीचा उलटा खेळ खेळतात. एकजण लपतो, ज्याला तो सापडेल त्याने गुपचूप त्याच्याच शेजारी लपायचं. त्यामुळे झोपायच्या खोलीतल्या एका लाकडी कपाटात माणसं वाढत जातात. कॅमेऱ्याला हलायला जागा नाही, पात्रांना एकमेकांपासून तोंड फिरवायलाही नाही. नवा माणूस आत शिरला की आधीच्यांचं बोलणं बदलतं. कोण गप्प होतं, कोण कुणाच्या शेजारी उभं राहायचं टाळतं, साबणाच्या वासाचा विषय कोण काढतं, सगळी गोष्ट यातच आहे. रंगमंचावर दरवाजा उघडतो आणि पात्र येतं, तेच काम इथे कपाटाचं दार करतं. २०२५ मध्ये या जोडीने लंडनच्या विंडहॅम्स थिएटरमध्ये याच मालिकेच्या धर्तीवर ‘स्टेज/फ्राइट’ हे नाटक केलं, तेही यामुळेच शक्य झालं.

‘एकांकिकामाला’ म्हणा. नाटक बघणाऱ्या वाचकाला दुसरं काही समजावून सांगावं लागणार नाही.

चौकट

नेपथ्य, शब्द आवडला, पण सगळ्या ५५ भागांना लावू नका. ‘कोल्ड कम्फर्ट’ हा मदतवाहिनीच्या कार्यालयात घडणारा भाग एक मोठी चौकट आणि बाजूला छोट्या चौकटी अशा सुरक्षा-कॅमेऱ्यांच्या चित्रांतून सांगितला आहे. छोट्या चौकटींतही गोष्ट चालू असते, त्यामुळे हा भाग मोबाइलवर बघणं म्हणजे निम्मा सोडणं. ‘वन्स रिमूव्ह्ड’मध्ये प्रसंग उलट्या क्रमाने येतात. ‘द डेव्हिल ऑफ ख्रिसमस’ तर सत्तरच्या दशकातल्या स्टुडिओ-चित्रीकरणासारखा बनवला आहे आणि चित्रावर दिग्दर्शकाचं निवेदन ऐकू येतं. हे खास दूरचित्रवाणीचे खेळ आहेत, त्यांना एकांकिका म्हटलं की कौशल्याची ती बाजू झाकली जाते.

‘द डेव्हिल ऑफ ख्रिसमस’बद्दल दोन व्यवहारातल्या गोष्टी. टीव्हीचं ‘झूम’ बंद ठेवा, नाहीतर जुन्या घडणीच्या चौकोनी चित्राचा वरचा-खालचा भाग कापला जातो. आणि पुढचा भाग आपोआप लागण्याची सोय आधीच बंद करा. निवेदन अगदी शेवटपर्यंत ऐकायचं आहे.

‘बॉटल एपिसोड’ हा शब्दही काहीजण या मालिकेला लावतात. तो चुकीचा आहे. लांबलचक मालिकेत खर्च वाचवायला असलेल्याच नेपथ्यात उरकलेला भाग म्हणजे बॉटल एपिसोड. इथे एकच जागा ही काटकसर नसून मुळातली अट आहे.

अनुस्वार

चौकट, मुद्दा पटला. मग मी ‘सुट्या कथांची मालिका’ हे प्रकाराचं नाव ठेवतो आणि ‘सार्डिन्स’, ‘द बिल’ यांसारख्या भागांबद्दल लिहिताना ‘एकांकिकेसारखा’ म्हणतो. आता ब्लॅक कॉमेडी?

तळटीप

इथे थोडं खोलात जायला हवं. संस्कृत काव्यशास्त्रात रसांचे विरोध सांगितलेले आहेत. विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’त हास्याला भयानक आणि करुण हे दोन रस विरोधी मानले आहेत. ब्लॅक कॉमेडी नेमके हे विरोधी रस एकाच प्रसंगात एकत्र आणते. म्हणून आपल्या परंपरेत तिला आयतं नाव सापडत नाही, आणि ‘विनोदी भयकथा’ म्हणूनही भागत नाही. विनोदी भयकथेत भीती आणि हसू आलटूनपालटून येतात. ब्लॅक कॉमेडीत ज्यावर हसतो तीच गोष्ट वेदनेची असते.

प्रचलित पर्याय असे. ‘कृष्णसुखात्मिका’ हा नाट्यसमीक्षेतला शब्द, अचूक पण जड, आणि तो पूर्ण कलाकृतीला लागतो, एखाद्या संवादाला नाही. ‘कृष्णविनोद’ वाचून निम्म्या वाचकांना आधी श्रीकृष्ण आठवतो. ‘गडद विनोद’ हे सरळ भाषांतर आहे, मराठीत गडद रंग असतो, विनोद नाही. ‘बोचरा’, ‘जहरी’ हे शब्द उपरोधाचे, त्यात कुणावर तरी वार असतो. राहतो ‘काळा विनोद’. आंद्रे ब्रेतों या फ्रेंच लेखकाने १९४० च्या सुमारास अशा लेखनाचा संग्रह केला तेव्हा फ्रेंचमध्येही त्याने ‘काळा’ हेच विशेषण वापरलं होतं. तेव्हा शैलीला ‘काळा विनोद’ आणि प्रकाराला ‘ब्लॅक कॉमेडी’, अशी वाटणी मला योग्य वाटते.

नेपथ्य

+१. ‘काळी कॉमेडी’ मात्र कुणी लिहू नये.

चौकट

ट्विस्टबद्दल माझं मत ठाम आहे : एका इंग्रजी शब्दाखाली आपण मराठीतले दोन वेगळे शब्द गाडून टाकले आहेत. कलाटणी आणि उलगडा.

कलाटणीत घटनाच वळते. ‘द बिल’मध्ये हॉटेलचं बिल कोण भरणार यावरून वाद सुरू होतो आणि दर थोड्या वेळाने प्रकरण आधीपेक्षा वाईट वळण घेतं. उलगड्यात घटना आहे तिथेच राहते, आपली समजूत वळते. ‘द ट्वेल्व्ह डेज ऑफ क्रिस्टीन’मध्ये शेरिडन स्मिथने साकारलेल्या क्रिस्टीनच्या आयुष्यातले प्रसंग मधली वर्षं गाळून येत राहतात. काही गोष्टी विसंगत वाटतात आणि शेवटी त्या विसंगतींचीच संगती लागते.

बघण्याच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. कलाटणीच्या भागात मधे लक्ष थोडं विचलित झालं तरी पुढे सावरता येतं. उलगड्याच्या भागात पहिल्या पाच मिनिटांतली एखादी वस्तू किंवा अर्धवट वाक्य सुटलं तर शेवट नुसता ‘अच्छा’ म्हणण्यापुरता उरतो. म्हणून एका बैठकीत दोनपेक्षा जास्त भाग बघू नयेत. तिसऱ्या भागापर्यंत डोकं गोष्ट सोडून शेवट शोधायला लागतं आणि माणसं दिसेनाशी होतात.

तळटीप

उत्तम. यात आणखी दोन शब्द घाला. भागाच्या आत दिशाभूल करणारा धागा तो चकवा. भाग लागण्याआधीच फसवणं ती हूल. २०२३ मध्ये बीबीसीने ‘होल्ड ऑन टाइट!’ नावाच्या भागाची जाहिरात केली आणि त्या वेळेला ‘थ्री बाय थ्री’ हा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम असल्यासारखा भाग दाखवला, खऱ्या सूत्रसंचालकासह. जाहिरात केलेला भाग अस्तित्वातच नव्हता. ही हूल.

अनुस्वार

आणि स्पॉयलर? ‘रहस्यभेद’ फार पुस्तकी वाटतो.

नेपथ्य

आपण पेपर फोडतो, गुपित फोडतो, तसा शेवट फोडतो. ‘शेवट फोडू नका’ लिहा, कुणालाही कळेल. लेखाच्या डोक्यावर ‘पुढे शेवट फोडला आहे’ अशी एक ओळ पुरते. पण ‘शेवट कळल्यावर थक्क व्हाल’ असंही लिहू नये, त्यानेही वाचक शेवटाची वाट बघत बसतो.

एका भागाची मात्र सुरुवात फोडणं गरजेचं आहे. ‘डेड लाइन’ २८ ऑक्टोबर २०१८ ला थेट प्रसारित झाला. त्यात आवाज गेला, दिलगिरीची पाटी आली, जुना भाग लागला, तरी रिमोटला हात लावू नका. ती बिघाडाची बतावणी आहे, आणि त्या रात्री काही प्रेक्षकांनी खरोखरच चॅनेल बदललं होतं. मधे लागणारा जुना भाग ‘अ क्वाएट नाइट इन’ आहे. तो आधी बघून ठेवला तर ‘डेड लाइन’ जास्त रंगतो.

चौकट

‘पर्व’ आणि ‘सीरिज’ याबद्दल थोडक्यात : ब्रिटनमध्ये ज्याला सीरिज म्हणतात त्याला अमेरिकेत सीझन. यादीत ‘सीरिज फोर’ दिसलं तर चौथं पर्व समजा, वेगळी मालिका नव्हे.

प्रत्येक भागात एक सशाचा छोटा पुतळा कुठेतरी ठेवलेला असतो. ‘सशाची मूर्ती’ लिहू नका, पूजेतली वाटते. तो दुसऱ्यांदा बघताना शोधावा, पहिल्या वेळी डोळे पात्रांवर हवेत.

अनुस्वार

शेवटचं : सबटायटल चालू ठेवावी की बंद?

तळटीप

भागावर अवलंबून आहे. ‘झांझिबार’चे संवाद शेक्सपिअरच्या धर्तीवर ओळीला पाच गण असलेल्या छंदात, म्हणजे आयांबिक पेंटामीटरमध्ये आहेत. तिथे चालू ठेवा, नाहीतर शब्दांचे खेळ निसटतात. ‘अ क्वाएट नाइट इन’ जवळजवळ पूर्ण निःशब्द आहे. तिथे ऐकू येत असेल तर बंदच ठेवा, कारण श्रवणदोष असणाऱ्यांसाठीच्या सबटायटलमध्ये आवाजांचं वर्णनही लिहून येतं आणि विनोद चित्रात दिसायच्या आधी वाचला जातो. उलगड्याच्या भागांत आणखी एक धोका : बोलणारा पडद्याबाहेर असला तर सबटायटल त्याचं नाव देऊन मोकळी होतात.