‘अपेक्षाच ठेवू नका’ म्हणणाऱ्या दादांना

मालवणची आई
काल इथे एका दादांनी लिहिलं, ‘हट्टी मुलाकडून अपेक्षाच ठेवू नका, म्हणजे मनस्ताप होणार नाही.’ खाली सगळ्यांनी हात जोडले. मला रात्रभर झोप नाही.

माझा मुलगा चौदाचा आहे. गेल्या महिन्यात त्याने गणिताची वही फाडून परसातल्या विहिरीत टाकली. मी कळशीने एकेक पान वर काढत होते आणि तो पायरीवर बसून बघत होता. सासूबाई म्हणाल्या, ‘तुझ्याच लाडान बिघाडलो तो.’ दादा, तेव्हा मी काय करायचं होतं? पानं बुडू द्यायची? पोटात असताना ज्याची स्वप्नं बघितली तो मुलगा हा नाही, हे स्वतःशी कबूल करायलाच मला दहा वर्षं लागली. ते दुःख आहे, ते मी नाकारत नाही. पण अपेक्षा सोडली तर मी त्यालाच सोडला असं होईल.

देवगडकर
तो दादा मीच. ताई, थोरल्याने डॉक्टर व्हावं म्हणून मी त्याच्या मानगुटीवर बसलो. बारावीनंतर तो मुंबईला निघून गेला. चार वर्षं झाली, गणपतीलाही घरी आलेला नाही. आरतीच्या वेळी त्याची आई दाराकडे बघत राहते. हे भोगून लिहिलंय, पुस्तकात वाचून नाही.

निवृत्त मास्तर
दोघांचंही चुकतंय. मुलांना धाकच उरलेला नाही. आपला कोकण विभाग दहावीला दरवर्षी राज्यात पहिला येतो, 2025 ला 98.82 टक्के. याच मातीतली, याच शाळांतली मुलं. तुमच्याच मुलाला तेवढं जड का जातं?

मालवणची आई
मास्तर, हाच आकडा प्रत्येक पालकसभेत माझ्या तोंडावर मारतात. उरलेल्या एक-सव्वा टक्क्याच्या घरी कोण जातं कधी? माझ्या मुलाला अध्ययन अक्षमता आहे, म्हणजे बुद्धी असूनही वाचणं, लिहिणं किंवा गणित जड जातं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ती येते. परीक्षेत तासामागे 20 मिनिटं जादा मिळतात, लेखनिक मिळतो. सातवीपर्यंत शाळेत कोणी हे तोंडातून काढलं नाही. ‘आळशी आहे’ एवढंच ऐकलं. तपासणीसाठी आम्ही मुंबईला तीन खेपा घातल्या.

आणि हाच आळशी मुलगा पहाटे रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायला जातो. दोन तास माणसांबरोबर दोर ओढतो, वाट्याचे बांगडे घेऊन येतो आणि कोणाला किती वाटा गेला ते तोंडी सांगतो. एक चूक नाही.

रापणकर
ताई, मुलाचं कौतुक आहे, पण त्याला रापणीची गोडी लावू नका. मासळी राहिलीय कुठे? पर्ससीनवर, म्हणजे मासळीचा अख्खा थवा घेरणाऱ्या बोटींच्या मोठ्या जाळ्यांवर, राज्याने 2016 ला निर्बंध घातले, एलईडीचे दिवे लावून मासळी ओढून घेणाऱ्या मासेमारीवर केंद्राने 2017 ला बंदी आणली. तरी रात्री किनाऱ्यावरून बघा, समुद्रात दिवाळी पेटलेली असते. परवा चाळीस माणसांनी ओढलं आणि अर्धी टोपली तारली आली.

वेंगुर्ल्याचा खलाशी
सगळं पर्ससीनवाल्यांवर ढकलू नका. आम्हालाही कर्जाचे हप्ते आहेत, पोरंबाळं आहेत.

रापणकर
तुमचे हप्ते, आणि आमची चूल? बारीक मासळीसुद्धा उपसून नेता, मग किनाऱ्याला काय येणार?

वेंगुर्ल्याचा खलाशी
बारीक मासळी तुमच्या रापणीतही येते, मी डोळ्यांनी बघितलीय. आधी आपलं जाळं बघा.

देवगडकर
अरे, भांडण बंदरावर करा. बाई मुलाचं बोलतेय.

ताई, रात्री तुमचं परत वाचलं. ‘अपेक्षाच ठेवू नका’ हे मी मुलगा गेल्यावर शिकलो, म्हणून ते मला खरं वाटतं. तुमचा मुलगा अजून घरात आहे. तुमच्यासाठी ते वाक्य चुकीचं असेल. माझ्यासाठी नाही, एवढं राहू द्या.

निवृत्त मास्तर
धाकाबद्दल माझं मत तेच आहे. छत्तीस वर्षं शिकवलंय, इथल्या एका चर्चेने ते बदलणार नाही. अध्ययन अक्षमता हा शब्द मात्र माझ्या नोकरीत मी कधी वापरला नाही. वही फाडणारी दोन-तीन मुलं आज डोळ्यांसमोर आली. त्यांना मी मारलं होतं.

मीही मालवणातच असतो. रविवारी दुपारी मुलाला पाठवा. वाट्यांचा हिशोब करतो ना, तिथूनच अपूर्णांक सुरू करू. वही आणायची नाही.

मालवणची आई
पाठवते. पण हात उगारलात तर त्याच पावली घरी घेऊन येईन.