ती ‘रात्रीच्या फोटोंसाठी पाच फोन’ यादी आणि भंडारदऱ्याचे काजवे

ओलीवाट:
काल इथे ‘रात्रपाळी’ यांनी अंधारातल्या फोटोंसाठी पाच फोनांची यादी टाकली. क्रम मेगापिक्सेलवर लावलेला आणि शेवटी वाक्य: ‘आता कॅमेरा विकून टाका, भंडारदऱ्याचे काजवेही फोनच टिपतो.’ वाचून झोपायला गेलो, पण झोप लागेना, म्हणून लिहायला बसलोय.

आधी मेगापिक्सेल. २०२३च्या गॅलेक्सी एस२३ अल्ट्रात २०० मेगापिक्सेल आहेत, पण एकेक पिक्सेल, म्हणजे प्रकाश गोळा करणारा ठिपका, ०.६ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). अंधार पडला की फोन स्वतःच सोळा-सोळा पिक्सेल एकत्र बांधतो आणि साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतो. ज्या आकड्यावर तुम्ही त्याला पहिला नंबर दिलात, तो आकडा रात्री वापरातच नसतो. शाओमी १३ प्रोमध्ये ५०च आहेत, पण सेन्सर, म्हणजे हे सगळे पिक्सेल बसवलेली चिप, ‘एक इंची’ (नावालाच इंच, प्रत्यक्षात साधारण १३ बाय १० मिलिमीटर) आणि पिक्सेल १.६ मायक्रॉनचा. पाऊस परातीत धरायचा असेल तर परात केवढी ते बघतात, तिच्यात वाट्या किती मांडल्या ते कुणी मोजत नाही.

दुसरं, नाइट मोड, म्हणजे अंधारात फोन भराभर अनेक फोटो काढून त्यांचा एक करतो ती सोय. २०१८ला पिक्सेल ३ या फोनबरोबर गूगलचा नाइट साइट हा मोड आला तेव्हा मीही हरखलो होतो. हात हलत असेल तर १/१५ सेकंदाच्या पंधरा फ्रेम, फोन टेकवून ठेवला तर एकेक सेकंदाच्या सहा. सोळा फ्रेमची सरासरी काढली की फोटोतले दाणे (अंधारात येणारी खरखर) चौथाईवर येतात, जादू काही नाही. पण त्यासाठी समोरचं जग थांबलेलं हवं. तुमच्या यादीतले सगळे नमुने बघा: देवळाचा कळस, रिकामा पूल, हॉटेलची पाटी. एकही माणूस नाही! आपल्या रात्री माणसांच्या असतात हो. हळद, गोंधळ, मिरवणूक, मांडीवरचं पोर. ती हलतात.

रात्रपाळी:
यादी माझी, म्हणून उत्तरही माझंच. मी बारा वर्षं रात्रपाळी करतो, मला अंधार शिकवू नका. आजीचा नव्वदावा वाढदिवस वाडीत केला, त्या संध्याकाळी लाइट गेली. कंदिलाच्या उजेडात फोनने फोटो काढला. तिच्या हातावरचं गोंदण दिसतंय त्यात. पुढच्या पावसाळ्यात ती गेली. तुमचा मोठा कॅमेरा तेव्हा कुणाच्या कपाटात होता? लाख-दीड लाखाची बॅग खांद्याला लावून वाढदिवसाला कोण जातं?

टिपरू:
आजी स्थिर बसली होती म्हणून फोटोत नीट आली. मी ताशा वाजवतो. मागच्या विसर्जनाला भावाने नवीन फोनवर साठेक फोटो काढले. तोंडं जराशी ओळखू येतात, पण हात कोपरापासून पुढे धूर झालेत. ताशावर काड्या नाहीतच! आयफोन अंधार दिसला की आपणहून नाइट मोड लावतो आणि आपण दर वेळी बंद करत बसतो. २०२१च्या आयओएस १५पासून सेटिंगमध्ये ‘प्रिझर्व्ह सेटिंग्ज’खाली तो कायमचा बंद ठेवता येतो, हे मला मिरवणूक संपल्यावर कळलं. मिरवणुकीत नाइट मोड बंद करा, फोनात शटर हाताने ठरवता येत असेल तर ते १/१०० सेकंदावर ठेवा, दाणे आले तर येऊ द्या. दाणे चालतात, हात नसलेला ताशेवाला चालत नाही.

दुर्बीणवाला:
चंद्राचं कुणी बोलतच नाही. २०१९ला हुआवे पी३० प्रोच्या मून मोडवरून, फोन चंद्रावरचे तपशील स्वतःच घालतो म्हणून, गदारोळ झाला. २०२३ला रेडिटवर एकाने मुद्दाम धूसर केलेलं चंद्राचं चित्र अंधाऱ्या खोलीत मॉनिटरवर लावलं आणि सॅमसंगच्या फोनने त्याचा फोटो काढला, तर मूळ चित्रात नव्हते ते तपशील फोटोत आले. लेन्सने न पाहिलेलं फोन रंगवत असेल तर तुलना कशाची करताय?

रात्रपाळी:
चंद्राचा फोटो मी आयुष्यात काढलेला नाही. विषय भरकटवू नका.

डोंगरपाणी:
विषय मीच भरकटवणार आहे, कारण यादीत भंडारदऱ्याचं नाव आहे आणि मी तिथल्याच अकोले तालुक्यातला आहे.

तुमच्या त्या वाक्याने काय होतं ते सांगतो. मे अखेर ते मध्य जून, पाऊस जोर धरायच्या आधी, काजवे असतात. शनिवारी रात्री गाड्यांची रांग. हेडलाइट चालू, गाणी चालू. गेल्या वर्षी आमच्या बांधाजवळचं सादड्याचं झाड एका तालात उघडझाप करत होतं. एक कुटुंब उतरलं. चौघांनी चार फोन वर धरले, फोटोत काही येईना, मग एकाने टॉर्च झाडावर मारला. झाड विझलं. पाच-सात मिनिटं काहीच नाही. ‘एवढंच?’ म्हणून ते गेले. काजव्याचा उजेड म्हणजे नराने मादीला घातलेली साद असते हो, आणि पंख फुटल्यावर त्याच्याकडे काही आठवडेच असतात. त्यातली ती रात्र तुम्ही खाल्लीत.

चूलभाकर:
दादा, मीही त्याच पट्ट्यातली. त्या गर्दीला आम्ही पिठलं-भाकरी वाढतो, तंबू लावून देतो. पोराची शाळेची फी त्या तीन आठवड्यांत निघते. पुण्या-मुंबईची माणसं नकोत म्हणायला सोपं आहे. एरवी आमच्याकडे कोण येतं?

डोंगरपाणी:
ताई, नकोत असं मी कुठे म्हटलं? अभयारण्य आहे, वनखात्याचे नियम आहेत, ते पाळा एवढंच म्हणतोय.

चूलभाकर:
आवाज तुमचा ‘नकोत’चाच आहे. नियम आम्हीच सांगतो पाहुण्यांना. ऐकत नाहीत तेव्हा भांडतो आम्हीच, आणि भांडल्यावर पैसे कापून देतात तेही आम्हीच सोसतो. तुम्ही त्या वेळी बांधावर उभे असता.

डोंगरपाणी:
हे लागलं. पैसे कापतात हे मला माहीत नव्हतं. तेवढ्यापुरते शब्द मागे घेतो, टॉर्चबद्दलचे घेत नाही.

ओलीवाट:
हा फाटा मूळ विषयापेक्षा मोठा झाला, पण दोन्हीचं मूळ एकच आहे. काजव्यांनी लखलखलेलं सोन्याचं झाड दिसतं ना फोटोंत, तसं झाड डोळ्यांना कधीच दिसत नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे कितीतरी फोटो घ्यायचे आणि सगळे ठिपके घरी एका चित्रात जमवायचे. फोनचा नाइट मोड नेमकं उलट करतो. एक फ्रेम आधार धरतो, बाकीच्या तिच्यावर बसवतो आणि जे जुळत नाही ते हललेलं समजून गाळतो. काजवा एका फ्रेममध्ये असतो, पुढच्या फ्रेममध्ये नसतो. म्हणजे फोनच्या लेखी काजवा हा दोष आहे! माणसं ते झाड बघायला येतात, पडद्यावर काळोख दिसतो, मग टॉर्च निघतो. यादीतलं वाक्य निरुपद्रवी नाही म्हणतो ते यासाठी.

रात्रपाळी:
हे मला खरंच माहीत नव्हतं. काजव्यांचं वाक्य काढतो. मी स्वतः तिथे गेलेलो नाही, एका जाहिरातीत पाहून लिहिलं होतं. चूक झाली. पण ‘मेगापिक्सेल बघू नका’ म्हटल्यावर वीस-पंचवीस हजार घेऊन दुकानात गेलेल्या माणसाने बघायचं काय? ते कुणी सांगितलेलं नाही. तुमची परात माझ्या खिशात बसत नाही.

ओलीवाट:
बरोबर आहे, ते आधीच सांगायला हवं होतं. आणि आजीच्या फोटोबद्दल वाद नाहीच. तो मोठ्या कॅमेऱ्याने याहून चांगला आला असता असं मी म्हणणार नाही.

या किमतीत मुख्य कॅमेऱ्याला ओआयएस (ऑप्टिकल इमेज स्टॅबिलायझेशन) ही सोय आहे का ते बघा. हाताची थरथर ती सावरते, समोरच्याची हालचाल मात्र नाही. रात्री अल्ट्रावाइडला, म्हणजे जास्त रुंद दृश्य टिपणाऱ्या जोडकॅमेऱ्याला, हात लावू नका, स्वस्त फोनात तो सर्वांत दुबळा असतो. आणि दुकानातल्या झगमगाटात फोटो काढून फोन निवडू नका. दुकानदाराला विचारून जिन्याखाली किंवा गोदामाच्या दाराशी जा, सोबतच्या माणसाला चालायला सांगा आणि दोन-तीन फोनांवर त्याचाच फोटो घ्या. चेहरा मोठा करून बघा. भुवया वेगळ्या दिसतात की मेण फासल्यासारखा गाल दिसतो, तिथे कळतं. त्याआधी लेन्स सदऱ्याला पुसा. दिव्याभोवती तेलकट फराटे येतात ते निम्म्या वेळा आपल्या बोटांचे असतात.

टिपरू:
चालायला नको, टाळ्या वाजवायला सांगा. हात दिसले तर घ्या.

चूलभाकर:
आणि जूनला आमच्याकडे आलात तर टॉर्चला लाल जिलेटिन लावून या, तोही पायाखाली धरा. नसेल तर मी देते, दिवाळीच्या आकाशकंदिलाचा उरलेला ठेवलाय.

रात्रपाळी:
येतो. रजा मिळाली तर आईला घेऊन. फोन गाडीत ठेवीन असं कबूल करत नाही, पण झाडाकडे धरणार नाही.