शुभेच्छा देताना एवढं काय घाबरायचं?

वर एकाने लिहिलंय की कोणाला वाईट वाटायला नको म्हणून तो ऑफिसात कुठल्याच सणाचं नाव घेत नाही, नुसतं हॅपी हॉलिडेज म्हणून मोकळा होतो. मला हे जरा अतीच वाटतं. कोणी चुकून मला त्याच्याच सणाच्या शुभेच्छा दिल्या तर माझं काय जातं, थँक्यू सेम टू यू म्हणायचं नि पुढे चालायचं. ज्याला अपमानच शोधायचाय तो तुम्ही गप्प बसलात तरी शोधेलच.

खरा घोळ होतो तो दिवस कसला आहे हे न बघता फॉरवर्ड ढकलल्यामुळे. मोहरमचा दहावा दिवस शिया मुसलमानांसाठी करबलाच्या शोकाचा, पैगंबरांचे नातू हुसेन तिथल्या लढाईत मारले गेले, इ.स. ६८० मधली घटना ती, आणि ग्रुपवर फुलं नि फुगे टाकून हॅपी मोहरम! गुड फ्रायडेचं तेच, येशूला क्रुसावर चढवलं तो दिवस, तिथे केकचा इमोजी कशाला? ज्यूंचा योम किप्पुर म्हणजे उपास आणि प्रायश्चित्त, तेव्हा उपास नीट पार पडो एवढं म्हटलं तरी पुष्कळ. तारखेची चूक मात्र अगदीच किरकोळ, रशिया-सर्बियातले ऑर्थोडॉक्स पंथाचे ख्रिश्चन नाताळ ७ जानेवारीला करतात, त्यांना २५ डिसेंबरला विश केलं म्हणून ते काही भांडायला येत नाहीत.

माहीत नसेल तर सरळ विचारावं की बाबा रे, आज तुमच्यात काय म्हणतात. लोक उलट खुशीत सांगत बसतात (कधीकधी जरा जास्तच वेळ).